काकू, शेवंतीची साखर बारा नव्हती

काकू, तुमच्या शेवंतीने आज सकाळी माझ्या पलंगावर मुतून ठेवलं. चादर, पांघरूण, खाली गादीपर्यंत. मधुमेही मांजराचं मूत नुसतं घाण मारत नाही, ते चिकट असतं. हाताला पाकासारखं लागतं आणि अर्ध्या तासात कुठून कुठून मुंग्या येतात. मी मास्क लावून गादी मागच्या अंगणात ओढत नेली, पाइपने धुतली आणि कुंपणाशी उभी राहून ओकले. मग आत येऊन तुम्हाला लिहायला बसले. दुसऱ्या कुणाला सांगू?

तुम्हाला जाऊन अकरा दिवस झाले. इथल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर अजून मेसेज येतायत. 'सात्त्विक व्यक्तिमत्त्व हरपलं.' 'प्रेमळ, मनमिळाऊ, सदा हसतमुख.' खाली जोडलेले हात. यातल्या एकानेही सबंध लॉकडाऊनमध्ये तुमच्या दाराशी दुधाची बाटली आणून ठेवली नाही. वाचताना मला किळस येते. पण खरं सांगायचं तर ती मला तुमचीही यायची, काकू. ते तुम्हाला कधी बोलले नाही. आता बोलते.

इथे परदेशात, गिरावीनच्या तुमच्या घरात मी खोली घेतली ती आईच्या आग्रहाने. पिंपरीहून फोनवर म्हणाली, "मराठी बाई आहे, वयस्कर आहे, तुलाही घरचं वाटेल." मी आयटी सपोर्टला, लोकांचे पासवर्ड फोनवरून रिसेट करून देणारी. महामारीत ते काम घरूनच चालायचं, तेव्हा शांत खोली हवीच होती. पहिल्या दिवशी मी खिडकीत बुद्धाची छोटी मूर्ती ठेवत होते आणि तुम्ही दारात येऊन उभ्या राहिलात. मूर्तीकडे बघितलंत, माझ्याकडे बघितलंत. मग म्हणालात, "आम्हीही मानतो हो बुद्धाला. विष्णूचाच अवतार तो."

मी हसले. असल्या वाक्यांना हसायचं असतं, हे मी फार लहानपणी शिकलेय.

त्याच संध्याकाळी तुम्ही मला फ्रीज दाखवलात. "हे बघ, आमचं शाकाहारी घर. तुझं मासे-अंडी वगैरे काही असेल तर गॅरेजमध्ये छोटा फ्रीज आहे. राग नको हं मानू." मी म्हटलं, नाही मानत. पण तेव्हाच मला मधल्या कप्प्यात, दह्याच्या पातेल्याला चिकटून, टुनाचा उघडलेला डबा दिसला. वर बशी झाकलेली. शेजारी स्टीलच्या डब्यात उकडलेलं चिकन, निगुतीने बारीक कापलेलं. शेवंतीचं.

सोळा वर्षांची पिवळी मांजरी. काकांनी आणलेली, काका गेल्यावर तुमची झालेली. मी आले तेव्हा तिला मधुमेह होऊन वर्ष झालं होतं, आणि थायरॉइडही वाढलेलं होतं. राक्षसासारखी खायची आणि अंगावर मांस धरायचं नाही. मग काही महिन्यांत उलटंच सुरू झालं. वजन वाढायला लागलं, डोकं रुंद झालं, जबडा पुढे आला, पंजे एखाद्या दांडग्या बोक्यासारखे. इन्सुलिन दोन युनिटवरून चारवर, सातवर, अकरावर गेलं तरी साखर इथल्या मापाने विसाच्या, म्हणजे आपल्याकडच्या साडेतीनशेच्या, खाली येईना. तेव्हा व्हेटने रक्त तपासायला घेतलं. क्लिनिकमध्ये माणसांना प्रवेश नव्हता. नर्स पिंजरा आत घेऊन गेली आणि आपण दोघी तुमच्या जुन्या गाडीत, फोन स्पीकरवर ठेवून बसलो. व्हेट म्हणाली, मेंदूतल्या पिट्यूटरी ग्रंथीवर बहुतेक गाठ आहे. ती वाढीचं हार्मोन सोडत राहते, आणि ते इन्सुलिनला कामच करू देत नाही.

"त्यावर काही करता येतं?" मी विचारलं.

"या वयात? नॉट रिअली. साखर सांभाळायची, थायरॉइड सांभाळायचं, कीप हर कम्फी."

तुम्हाला चांगलं इंग्रजी येत होतं, तरी तुम्ही माझ्याकडे वळून विचारलंत, "काय म्हणाली?"

"सांभाळा म्हणाली."

"मग सांभाळू की."

त्या 'सांभाळू'मध्ये मी आहे हे मला दुसऱ्या दिवशी सकाळी सातला कळलं, जेव्हा तुम्ही माझं दार वाजवून सिरिंज माझ्या हातात दिलीत. तुमचे हात थरथरायचे, आणि मोतीबिंदूमुळे सिरिंजवरच्या रेघा तुम्हाला दिसायच्या नाहीत. तोवर तुम्ही अंदाजाने देत होतात. अंदाजाने, काकू!

मग सकाळी सात आणि संध्याकाळी सात. तुम्ही खुर्चीत, ती टॉवेलात गुंडाळलेली तुमच्या मांडीवर, मी समोर स्टुलावर. आपले गुडघे एकमेकींना लागायचे. मी तिच्या कानाच्या कडेला बारीक सुई टोचून रक्ताचा थेंब काढायचे, मीटरवर आकडा बघायचे, मानेमागची कातडी उचलून इन्सुलिन द्यायचे. मग दुसऱ्या कानाच्या आत थायरॉइडचं मलम चोळायचं, तेही हातमोजा घालून, कारण ते आपल्या कातडीतूनही आत जातं. कानातून पिवळ्या खपल्या निघायच्या. तोंडाला सडका वास. मागचे पाय अधू झाल्याने ती टाचा टेकत फताफता चालायची आणि वाळूच्या ट्रेमधून निघून स्वतःच्याच ओल्यात बसायची. मला शिसारी यायची. तुम्ही तिच्या कपाळाला नाक लावून म्हणायचात, "माझं फूल ते."

किळस लपवण्यात मी पटाईत आहे. कारण ती दुसऱ्यांच्या तोंडावर बघतच मी वाढले. शाळेत एका मैत्रिणीकडे पाणी प्यायले की तिची आजी माझा पेला दोन बोटांच्या चिमटीत उचलून मोरीत ठेवायची. ते तोंड मला पाठ आहे. आपलं तोंड तसं कधी होऊ द्यायचं नाही, मांजरापुढेसुद्धा नाही, हे मी ठरवलेलं होतं. म्हणून मी श्वास रोखायचे आणि हसरं तोंड ठेवायचे. तुम्हाला वाटायचं, हिला शेवंती आवडते.

जुलैतला, इथल्या हिवाळ्यातला, तो रविवार आठवतो का? गॅरेजमध्ये इतका गारठा होता की मी पहिल्यांदाच बांगड्याचं कालवण तुमच्या गॅसवर गरम केलं. ऐन थंडीत चारही खिडक्या उघडल्यात आणि उदबत्ती लावलीत. ओट्यावर टुनाचा डबा उघडाच होता.

"काकू, तिची टुना चालते आणि माझा बांगडा चालत नाही?"

"ते मुकं जनावर आहे गं. त्याला काय कळतं?"

"म्हणजे मला कळतं म्हणून माझं चालत नाही?"

"तू ना, प्रत्येक गोष्टीत ते आणतेस."

"काय आणते? बोला ना. काय आणते?"

तुम्ही उदबत्ती जास्तच निगुतीने खोचत राहिलात.

त्यानंतर दोन दिवस आपण बोललो नाही. पण त्या मांजराला दोन माणसं लागायची. एकीने धरायचं, दुसरीने टोचायचं. म्हणून दिवसातून दोनदा गुडघ्याला गुडघा लावून आपण गप्प बसायचो. मी फक्त आकडा सांगायचे. "एकवीस." "चोवीस." तिसऱ्या दिवशी इन्सुलिन देऊन झालं आणि तुम्ही मान वर न करता म्हणालात, "खालचा कप्पा रिकामा केलाय. तुझं ठेव तिथे. डबा घट्ट लाव म्हणजे झालं."

मी एकदाही ठेवलं नाही. हट्टाने गॅरेजमध्ये जात राहिले. तुम्ही तो रिकामा कप्पा पुसून ठेवायचात, मला दिसायचं. तुम्ही सत्तरी उलटल्यावर एक पाऊल टाकलंत, आणि मला ते एक पाऊल भीक घातल्यासारखं वाटलं. आज वाटतं, घ्यायला हवं होतं. आणि लगेच वाटतं, का म्हणून? मधला कप्पा मांजराला आणि खालचा मला? काकू, हे भांडण माझ्या बाजूने अजून चालू आहे.

तुमच्या मुलाबद्दल, मंदारबद्दल, तुम्ही कधी वाकडा शब्द ऐकून घेतला नाहीत. आता ऐका. त्याचं कॅसल हिल आपल्यापासून गाडीने वीस मिनिटं. आपल्या भागाला कडक नियम होते, डोक्यावर हेलिकॉप्टर फिरायचं, कोपऱ्यावर पोलीस. त्याच्याकडे तेवढं काही नव्हतं. रोज व्हिडिओ कॉलवर तो म्हणायचा, "आई, सॉरी गं, तुमचा एरिया बंद आहे." मी एकदा सरकारी पान उघडून त्याला वाचून दाखवलं, की म्हाताऱ्या आईवडिलांची देखभाल करायला जाता येतं. तो म्हणाला, "हो, टेक्निकली येता येतं. पण मुलं आहेत ना घरात, रिस्क नको." मग तुम्हाला म्हणाला, "आणि आई, ते मांजर इंजेक्शन देऊन कायमचं झोपवून टाक ना. किती अनहायजिनिक आहे ते." तुम्ही फोन टेबलावर उताणा ठेवलात आणि मटार सोलायला घेतलेत. तो पाच मिनिटं छताशी बोलत होता. त्या दिवशी तुम्ही मला फार आवडलात.

तो संसर्ग घरात कुणी आणला? तुम्ही तर महिनाभर फाटकाबाहेर गेला नव्हतात. मी केमिस्टकडे सिरिंज आणायला गेले होते आणि रांगेत पुढचा माणूस खोकत होता. उत्तर उघड आहे. तुमच्यासमोरही ते माझ्याच्याने मोठ्याने म्हणवत नाही.

मला नुसता ताप आणि अंगदुखी. तुम्हाला मात्र तिसऱ्या दिवशी उठवेना. सकाळी मी खोलीत आले तर तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडला होतात आणि वास येत होता. मी गरम पाणी आणलं, हातमोजे घातले, तेच शेवंतीचे. तुमच्या गाउनला हात घातला तर तुम्ही दचकलात.

"हात लावू नकोस."

"काकू, असं कसं पडून राहाल?"

"नको गं. तू नको. हात लावू नकोस."

मी लावला. तुम्हाला कुशीवर केलं, पुसलं, चादर बदलली. तुमच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. म्हणालात, "तुला किळस येत असेल." मी म्हटलं, "छे, काहीतरीच." खोटं होतं ते. आली होती, पार पोटातून आली होती. पण मला खरं खुपलं होतं ते दुसरंच. 'तू नको' म्हणजे काय? कुठल्याही बाईला वाटेल तशी लाज? आजार मला आणखी लागेल ही काळजी? की ते जुनं, पेला चिमटीत उचलणारं? तुमच्या तोंडाकडे बघून मला कळेना. मला सगळ्यांची तोंडं वाचता येतात, काकू, आणि त्या दिवशी तुमचं वाचता आलं नाही. आता विचारायची सोय राहिली नाही.

दुसऱ्या सकाळी तुमचे ओठ निळसर दिसले आणि मी ॲम्ब्युलन्स बोलावली. पांढऱ्या झग्यातली दोन माणसं दारात. तुम्हाला खुर्चीत बसवून नेताना तुम्ही ऑक्सिजनचा मास्क बाजूला केलात. मला वाटलं, काही सांगताय. म्हणालात, "कानाला लावलंस का तिच्या?"

"शी ओके? काय म्हणतायत?" त्यातल्या एकाने विचारलं.

"मांजराबद्दल विचारतायत," मी म्हटलं. तो हसला. मला नाही हसू आलं.

मग मी एकटीच त्या घरात अडकले, ताप घेऊन, तुमच्या मांजरासोबत. तिला एकटीने धरायचं आणि एकटीनेच टोचायचं. तिने माझ्या मनगटाची चाळण केली. हॉस्पिटलमधली नर्स रोज एकदा तुमच्या कानाला फोन लावायची. तुम्ही मला कशी आहेस विचारायचा नाहीत. "साखर किती?" एवढंच.

सातव्या दिवशी मी चूक केली. मला ग्लानी होती. तिने सकाळी वाटीला तोंडही लावलं नव्हतं, ते मी बघितलं नाही आणि पूर्ण अकरा युनिट देऊन टाकली. दोन तासांनी कपडे धुवायच्या खोलीत धडपड ऐकू आली. शेवंती आडवी पडली होती, पाय ताठ, तोंडातून लाळ, अंग झटके देत होतं. मीटर म्हणाला दोन पूर्णांक एक. व्हेटला फोन लावला. ती म्हणाली, "मध आहे? हिरड्यांना चोळ. आत्ता." मी तिचं ते घाण वासाचं तोंड उघडलं आणि बोटांनी मध चोळत राहिले. हातमोजा घालायला वेळ नव्हता. लाळ, मध, रक्त, कारण तिने चावलं होतं. सगळं कोपरापर्यंत. आणि काकू, त्या दहा मिनिटांत माझ्या मनात एकदा आलं की थांबावं. हात काढून घ्यावा. मेली तर सुटेन. मी तोंड वेडंवाकडं करून रडत तिला शिव्या देत होते आणि मध चोळत होते.

वीस मिनिटांनी तिने डोकं उचललं. तेवढ्यात हॉस्पिटलचा फोन आला. नर्स म्हणाली, "तिला बोलायला त्रास होतोय, पण हट्ट करतेय." मग तुमचा आवाज, कागद फाटल्यासारखा.

"साखर किती?"

माझ्या मधाळ हाताला फोन चिकटला होता. मी म्हटलं, "बारा."

"बारा! वा." मग बराच वेळ नुसता श्वास. "माझ्याहून बरी आहे म्हणजे."

हे तुमचं माझ्याशी शेवटचं बोलणं. दोन दिवसांनी तुम्ही गेलात. बारा नव्हती, काकू. मी तिला मारायला निघाले होते आणि तुम्हाला बारा सांगितलं. तेवढंच मला सुचलं. पुन्हा विचारलंत तरी मी तेच सांगेन.

अंत्यविधीला दहाच माणसांना परवानगी. मी त्या दहांत नव्हते. मला लिंक आली. लॅपटॉपवर मंदार कागद बघून बोलत होता, "आई शेवटपर्यंत एकटी, स्वावलंबी राहिली. सोबतीला फक्त तिची मांजर." मी लॅपटॉप मिटला. एकटी! दीड वर्ष रोज दोनदा जिच्या गुडघ्याला माझा गुडघा लागत होता, ती एकटी.

गेल्या शनिवारी दुपारी तो तुमची कागदपत्रं न्यायला आला. मास्क लावून व्हरांड्यातच उभा. डोळे सुजलेले होते, ते मी मान्य करते. म्हणाला, "थँक्स फॉर एव्हरीथिंग. आई तुझ्याबद्दल नेहमी चांगलंच बोलायची. म्हणायची, आपल्यातली नाही, पण फार स्वच्छ मुलगी आहे."

त्याला ते कौतुक वाटत होतं. डोळे भरून सांगत होता. माझ्या तोंडात आंबट पाणी आलं. तुमची घाण काढली ते आठवलं. शेवंतीचे कान आठवले. स्वच्छ! काकू, यापेक्षा तुम्ही मला शिवी दिली असतीत तर मी विसरले असते.

मग तो म्हणाला, "त्या मांजराचं मी बघतो. अपॉइंटमेंट घेतो. शी इज सफरिंग, राइट?"

"मंदार, आत ये," मी म्हटलं. "तिची साखर हल्ली दुपारीही बघावी लागते. धर तिला."

"मी?"

"एकटीने नाही जमत."

तो तुमच्या खुर्चीत बसला. मी टॉवेलात गुंडाळून तिला त्याच्या मांडीवर ठेवलं. त्याने मान मागे घेतली, श्वास रोखला, बोटांची टोकं तेवढी टेकवली. ते तोंड! मी ओळखलं ते. मी टोचलं तशी ती मुतली, त्याच्या पँटवर. तो उठला नाही, एवढं मात्र सांगते. बसून राहिला. मग म्हणाला, "आई हे रोज करायची?"

"आई धरायची. टोचायचे मी. दिवसातून दोनदा, दीड वर्ष."

"दीड वर्ष?" त्याला खरंच माहीत नव्हतं. तुम्ही त्याला कधी सांगितलंच नव्हतंत. का? बाहेरच्या मुलीवर भार टाकला म्हणून मुलगा रागावेल, या भीतीने? की सांगण्यासारखं त्यात काही वाटलंच नाही?

त्याने साबणाने तीनदा हात धुतले. कागदपत्रं आणि तुमच्या साड्या घेतल्या. मांजराचं नाव पुन्हा काढलं नाही. फाटकाशी वळून म्हणाला, "तू तिला ठेवशील?" आणि उत्तर ऐकण्याआधीच त्याचे खांदे हलके झालेले मला दिसले.

मी ठेवणार आहे हे मला तेव्हाही नक्की नव्हतं. काल तिला व्हेटकडे नेलं, झोपवायची वेळ आली का, तेच विचारायला. गाडीत बसून वाट बघितली. व्हेट फोनवर म्हणाली, "आज नाही. ती खातेय, उन्हात जाऊन बसतेय. वेळ आली की मी स्पष्ट सांगेन, प्रॉमिस." मग फोन रिसेप्शनवरच्या बाईकडे गेला. तिला तुमचं कळलं होतं. हळू आवाजात म्हणाली, "सो सॉरी, डार्ल. रेकॉर्ड बदलायला लागेल. शेवंतीचं आडनाव आता काय लावू?"

इथे मांजरांना मालकाचं आडनाव लागतं, काकू. इतके दिवस ती शेवंती आपटे होती.

मी म्हटलं, "कांबळे."

"स्पेल करशील?"

मी एकेक अक्षर सांगितलं. दहा मिनिटांनी नर्सने पिंजरा आणि औषधांची पिशवी मागच्या सीटवर ठेवली. इन्सुलिनच्या खोक्यावर लेबल होतं. शेवंती कांबळे, दिवसातून दोनदा. मागे ती घाणेरड्या आवाजात ओरडत होती, गाडीभर वास भरला होता, आणि मी ते लेबल पुन्हा पुन्हा वाचत बसले.

तुम्हाला हे चाललं असतं का, ते मी विचारत नाही. मला आवडलं.